विश्लेषण : ऑनलाइन अर्जातील रकाना तुमचे नाव, क्रमांक का नाकारतो?

शिष्यवृत्ती असो, नोकरभरती असो, पीकविमा असो की बँकेतले खाते. आता बहुतेक अर्ज ऑनलाइन रकान्यांतूनच भरावे लागतात. मुदतीच्या शेवटच्या रात्री अर्जदार स्वतःचेच नाव लिहितो आणि खाली लाल अक्षरांत ‘अवैध नाव’ असा शेरा उमटतो, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे. खाते क्रमांक ‘पेस्ट’ होत नाही, मराठी कळफलकावरचे अंक उमटत नाहीत, आडनावातले चिन्ह चालत नाही. ही अडवणूक नेमकी कोण करते, कशासाठी करते आणि तिच्यात दोष कुठे राहतात?

टंकतानाच अडवणारे हे कोण?

अर्जाचे पान उघडले की त्याच्यासोबत दोन गोष्टी आपल्या फोनवर किंवा संगणकावर येतात. पहिली म्हणजे ‘एचटीएमएल’ या भाषेतील पानाची मांडणी. कोणता रकाना सक्तीचा, त्यात जास्तीत जास्त किती चिन्हे मावतील, तो ईमेलचा आहे की तारखेचा, हे त्यात लिहिलेले असते. दुसरी म्हणजे ‘जावास्क्रिप्ट’ या भाषेतील छोट्या आज्ञावल्या. रकान्यात प्रत्येक वेळी काही लिहिले, खोडले किंवा चिकटवले की ब्राउझर तशी सूचना देतो. जावास्क्रिप्ट ती सूचना ऐकते, लिहिलेला मजकूर पाहते आणि ठरवते की तो राहू द्यायचा, बदलायचा की पुसून टाकायचा. म्हणजे मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात ‘क’ टंकल्यावर काहीच उमटत नाही तेव्हा फोन बिघडलेला नसतो. कुणीतरी लिहिलेल्या दोन-तीन ओळींनी ते अक्षर तिथल्या तिथे काढून टाकलेले असते. त्या दोन-तीन ओळी लिहिणाऱ्याने आपल्या अर्जदाराची कल्पना कशी केली होती, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

ही सोय मुळात आली कशी?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना जावास्क्रिप्ट तयार केली. पहिली आवृत्ती त्यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालत असे आणि वेग अत्यंत कमी होता. अर्ज भरून पाठवायचा, तो दूरच्या सर्व्हरपर्यंत जायचा, तिथे तपासला जायचा आणि ‘पिनकोड राहिला’ एवढेच सांगण्यासाठी सगळे पान परत यायचे. ही फेरी वाचवण्यासाठी तपासणी वापरकर्त्याच्या संगणकावरच करावी, हा जावास्क्रिप्टच्या सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक ठरला. पुढे हे काम इतके सार्वत्रिक झाले की त्यातला बराचसा भाग थेट ‘एचटीएमएल’मध्येच समाविष्ट झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘एचटीएमएल ५’ हे अधिकृत मानक म्हणून जाहीर झाले. त्यात सक्तीचा रकाना, ठरावीक नमुन्यातला मजकूर, ईमेल आणि तारखेचे रकाने यांची व्यवस्था आहे. त्यामुळे आज साध्या तपासण्यांसाठी जावास्क्रिप्ट लागतही नाही. ती लागते मजकुराला आकार देण्यासाठी आणि गुंतागुंतीचे नियम तपासण्यासाठी.

मजकुराला आकार देणे म्हणजे काय?

आधार क्रमांक बारा अंकी असतो. तो सलग वाचण्यापेक्षा चार-चार अंकांच्या तीन गटांत वाचणे सोपे जाते, कार्डावरही तो तसाच छापलेला असतो. चांगला रकाना आपण अंक लिहीत जातो तशी दर चार अंकांनंतर मोकळी जागा सोडतो. रकमेच्या रकान्यात १२३४५६७ लिहिल्यावर ते १२,३४,५६७ असे दिसले, तर एक शून्य जास्त पडल्याची चूक लगेच लक्षात येते. लाख-कोटींची ही आपली पद्धत जावास्क्रिप्टला माहीत आहे. भारतीय इंग्रजी असे सांगितले तर ती स्वल्पविराम आपल्या पद्धतीने देते आणि मराठी असे सांगितले तर अंकही देवनागरी करून देते. त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागत नाही.

अडचण येते ती दुरुस्ती करताना. क्रमांकाच्या मधला एक अंक चुकला म्हणून आपण तिथे जाऊन तो खोडतो. आज्ञावली लगेच सगळा मजकूर नव्याने मांडते आणि कर्सर थेट शेवटी उडी मारतो. पुढचा अंक मग भलत्याच ठिकाणी पडतो. यावर उपाय आहे. मांडणीपूर्वी कर्सरच्या डावीकडे किती अंक होते हे मोजून ठेवायचे आणि मांडणीनंतर तितक्याच अंकांच्या पुढे कर्सर पुन्हा ठेवायचा. हे काम आठ-दहा ओळींचे आहे, पण अनेक अर्जांत ते केलेले नसते. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे टंकताना काहीही न बदलता अर्जदार रकान्यातून बाहेर पडल्यावरच मांडणी करायची.

कमाल मर्यादेचा फटका कसा बसतो?

मोबाइल क्रमांक दहा अंकी, म्हणून रकान्याला दहा चिन्हांची मर्यादा घालणे सरळ वाटते. पण फोनच्या संपर्कयादीतला क्रमांक अनेकदा ‘+९१’ आणि एक मोकळी जागा यांसह जतन केलेला असतो. तो या रकान्यात चिकटवला की पहिली चार चिन्हे त्यातच जातात आणि मूळ क्रमांकाचे सहाच अंक उरतात. उरलेले चार अंक ब्राउझर गुपचूप कापून टाकतो. त्यावर ‘फक्त अंक ठेवा’ हा नियम चालला, तर रकान्यात ९१ धरून आठ अंक राहतात. अर्जदाराला वाटते आपण बरोबर क्रमांक दिला. योग्य पद्धत उलटी आहे. आधी जे येईल ते घ्यावे, मोकळ्या जागा, जोडरेघा आणि देशाचा संकेतांक काढावा आणि मगच दहा अंक आहेत का ते मोजावे.

अंकांचाच रकाना म्हणून ‘नंबर’ हा प्रकार वापरणेही घातक ठरू शकते. तो प्रकार मोजता येणाऱ्या संख्यांसाठी आहे. खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक ही संख्या नव्हे, ती ओळखखूण आहे. तिची बेरीज-वजाबाकी होत नाही. संख्या म्हणून साठवली की सुरुवातीची शून्ये गळून पडतात. शिवाय जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ या सोळा अंकी संख्येपर्यंतच पूर्णांक अचूक सांभाळते. त्यापुढे ९००७१९९२५४७४०९९३ लिहिले तर शेवटचा अंक बदलून २ होतो. सोळा किंवा त्याहून अधिक अंकांच्या खाते क्रमांकासाठी हा धोका काल्पनिक नाही. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळांचे आराखडे करणाऱ्या चमूने २०२० मध्ये याच आणि अशा इतर कारणांमुळे ‘नंबर’ प्रकार सोडून साधा मजकुराचा रकाना आणि अंकांचा कळफलक उघडण्याची सूचना, ही जोडी स्वीकारली.

क्रमांक चुकला हे रकान्याला कसे कळते?

काही क्रमांकांची रचनाच त्यासाठी केलेली असते. पॅन दहा चिन्हांचा असतो. त्यात पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. त्यातले चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’. व्यक्तीच्या पॅनमधील पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. बँकेच्या शाखेचा आयएफएससी अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. या पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ लिहिण्याची चूक सर्रास होते. समजूतदार रकाना ती स्वतःच दुरुस्त करू शकतो, कारण तिथे दुसरे काही असूच शकत नाही.

आधार आणि बँक कार्ड यांत आणखी एक पहारेकरी आहे, शेवटचा तपासणी अंक. बाकीच्या अंकांवर ठरावीक गणित केले की तो मिळतो. जुळला नाही तर क्रमांक नक्की चुकलेला आहे. कार्डांसाठी ‘आयबीएम’मधील हान्स पीटर लून यांची पद्धत वापरतात. त्यांच्या पेटंटला अमेरिकेत १९६० मध्ये मान्यता मिळाली. एक अंक चुकला तर ती पद्धत हमखास पकडते, शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुतेक वेळा पकडते. मात्र ‘०९’चे ‘९०’ झाले तर तिला कळत नाही. आधारसाठी डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांची पद्धत आहे. ती शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते. हे गणित जावास्क्रिप्ट क्षणार्धात करते, त्यासाठी क्रमांक कुठेही पाठवावा लागत नाही.

पण रचना बरोबर असणे म्हणजे क्रमांक तुमचा असणे नव्हे. बँक खाते क्रमांकांना तर आपल्याकडे देशभर एकच रचना नाही. एक अंक चुकला तर तो दुसऱ्या कुणाचा खरा खाते क्रमांक असू शकतो आणि पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात, कारण ऑनलाइन हस्तांतरणात रक्कम जमा करताना खाते क्रमांकच प्रमाण मानला जात आला आहे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाद्वारे ‘एनईएफटी’ आणि ‘आरटीजीएस’ करताना पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास बँकांना सांगितले. जे काम रकान्यातील तपासणी करू शकत नाही, ते खातेदाराचे नाव डोळ्यांसमोर आल्याने होते.

मराठी नावच का अडते?

नावाच्या रकान्यात ‘इंग्रजी ए ते झेड आणि मोकळी जागा’ एवढाच नियम लिहिला, तर एकही मराठी नाव त्यातून जाणार नाही, हे उघड आहे. पण मराठीसाठी खास लिहिलेले नियमही फसतात. २०१८ पासून जावास्क्रिप्टच्या नमुन्यांत ‘जगातील कोणत्याही लिपीतले अक्षर’ असे म्हणता येते. अनेक जण तेवढेच लिहून थांबतात. मात्र ‘युनिकोड’च्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत ही ‘अक्षरे’ नाहीत. ती ‘चिन्हे’ या वेगळ्या गटात येतात. परिणामी ‘कमल’ हे नाव चालते, पण ‘कमला’ अडते. ‘अक्षरे किंवा जोडचिन्हे’ असे नियमात म्हटले की हा प्रश्न सुटतो.

मर्यादेचे गणितही वेगळे आहे. ‘क्षितिज’ हे नाव आपण तीन अक्षरी समजतो. ब्राउझर ते सात मोजतो, कारण क, हलंत, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ तर अकरा होते. इंग्रजी नावांवरून ठरवलेली मर्यादा मराठी नाव मधेच तोडते, कधी कधी अक्षर अलीकडे आणि मात्रा पलीकडे अशी.

याहून सूक्ष्म अडचण ‘वऱ्हाडे’, ‘कऱ्हाडे’ अशा आडनावांची. त्यातला ‘ऱ्’ संगणकावर तीन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेले स्वतंत्र अक्षर वापरून, दोन, ‘र’खाली नुक्ता देऊन, तीन, ‘र’, हलंत आणि न दिसणारे एक जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे वाटतात. पहिले दोन प्रकार एकसारखे करून घेण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे. तिसरा त्यातून एक होत नाही, त्याची दखल वेगळी घ्यावी लागते. शिवाय ‘न दिसणारी चिन्हे काढून टाका’ असा भाबडा नियम लावला तर तिसऱ्या प्रकारातील ‘वऱ्हाडे’ पडद्यावर ‘वर्हाडे’ होऊन बसतात. एका अर्जात एका प्रकारे आणि दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारे नोंदलेले आडनाव शोधताना सापडत नाही, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

महाराष्ट्रात याला अलीकडे आणखी एक पैलू जोडला गेला. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. ठरावीक तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे नाव आता स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा चार भागांत लिहायचे आहे. ज्या अर्जांत पहिले, मधले आणि शेवटचे नाव असे तीनच रकाने आहेत आणि मधल्या रकान्यात मोकळी जागाच चालत नाही, तिथे ही मुले आपले नाव कसे लिहिणार? नियम बदलला की रकान्यामागच्या ओळीही बदलाव्या लागतात. उलट टोकाला, देशात एकच नाव लावणारे लोकही आहेत. आडनावाचा रकाना सक्तीचा असेल तर ते टिंब टाकतात किंवा नावच दोनदा लिहितात आणि पुढे कागदपत्रे जुळत नाहीत.

मराठी अंक लिहिले तर?

जावास्क्रिप्टच्या नमुन्यांत ‘कोणताही अंक’ यासाठी एक संक्षिप्त खूण आहे. तिचा अर्थ मात्र इंग्रजी ० ते ९ एवढाच. मराठी कळफलकावरून देवनागरी अंकांत पिनकोड लिहिला, तर अचूक असूनही तो ‘अवैध’ ठरतो. यात अर्जदाराची काही चूक नसते. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ हे अंक ओळीने मांडलेले आहेत, त्यामुळे त्यांचे रूपांतर करणे एका ओळीचे काम आहे. आधी रूपांतर, मग तपासणी, एवढा क्रम पाळला तरी पुरे.

टंकण्याच्या पद्धतीतही फरक आहे. अनेक जण इंग्रजी अक्षरांनी ध्वनी लिहून त्याचे मराठी करून घेतात. शब्द पूर्ण होईपर्यंत रकान्यात मधली, अपुरी रूपे दिसतात. आज्ञावलीने त्याच क्षणी ‘हे मराठी नाही’ म्हणून ती पुसली, तर शब्द कधीच पूर्ण होत नाही. शब्दाची जुळणी चालू आहे की संपली, हे ब्राउझर सांगतो. त्याचे ऐकून थांबणे एवढेच आज्ञावलीने करायचे असते. दाबलेल्या कळीवरून अक्षर ओळखण्याची जुनी रीत फोनवर तर चालतच नाही. अँड्रॉइडवरील अनेक कळफलक बहुतेक कळींसाठी २२९ हा एकच क्रमांक पाठवतात. त्यामुळे कळ न पाहता रकान्यात प्रत्यक्ष काय आले ते पाहावे, हा आजचा सर्वमान्य मार्ग आहे.

डिसूझांच्या आडनावातील चिन्हाला भीती कशाची?

गोव्यातील आणि वसईतील डिसूझा, डिमेलो, डिकुन्हा ही आडनावे इंग्रजीत लिहिताना अनेक कुटुंबे ‘डी’नंतर वर एक छोटे चिन्ह देतात. आयर्लंडमधील ओब्रायन यांचीही तीच गत. हे चिन्ह नाकारण्यामागे केवळ विसरभोळेपणा नसतो, भीतीही असते. माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या ‘एसक्यूएल’ या भाषेत तेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवते. अर्जातला मजकूर जसाच्या तसा त्या प्रश्नात जोडला, तर एखादा हल्लेखोर चिन्ह टाकून मजकूर तिथेच संपवू शकतो आणि पुढे स्वतःची आज्ञा घुसवू शकतो. यावर काही जणांनी शोधलेला उपाय म्हणजे चिन्हावरच बंदी.

हा उपाय चुकीच्या जागी केलेला आहे. प्रश्न आणि त्यात भरायचा मजकूर सर्व्हरवर वेगवेगळे पाठवण्याची पद्धत उपलब्ध आहे. ती वापरली की आडनावात कोणतेही चिन्ह असले तरी ते मजकूरच राहते. बंदीने मात्र प्रामाणिक अर्जदाराचे आडनाव बदलते. एका कागदपत्रावर चिन्हासह, दुसऱ्यावर चिन्हाविना, तिसऱ्यावर मोकळ्या जागेसह अशी तीन आडनावे तयार होतात आणि पडताळणीत एकच माणूस स्वतःशी जुळत नाही.

‘पेस्ट’ला बंदी कशासाठी?

खाते क्रमांक दोनदा लिहायला लावणे आणि दुसऱ्या रकान्यात चिकटवू न देणे, यामागचा हेतू चांगला आहे. पहिल्या रकान्यातली चूक तशीच दुसऱ्यात उतरू नये, हा तो हेतू. पण बँकेच्या संदेशातून किंवा पासबुकाच्या डिजिटल प्रतीतून चिकटवलेला क्रमांक हाताने लिहिलेल्यापेक्षा अचूक असण्याची शक्यता अधिक. हात थरथरणारे ज्येष्ठ, दृष्टिहीन, छोट्या पडद्यावर काम करणारे यांना तर सोळा अंक दोनदा टंकणे ही शिक्षाच. पासवर्डच्या रकान्यात ही बंदी उघड नुकसान करते. पासवर्ड जपून ठेवणारी साधने वापरता येत नाहीत आणि लोक सोपे, लहान पासवर्ड निवडतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०१७ मध्ये पासवर्ड चिकटवू द्या, अशी जाहीर भूमिका घेतली. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत तशीच शिफारस केली. ओटीपीसाठी सहा सुटे चौकोन करण्याची फॅशनही अनेकदा याच कारणाने गैरसोयीची ठरते. संदेशातून उचललेले सहा अंक पहिल्या चौकोनात चिकटवले की एकच अंक उरतो.

रकान्यातील तपासणी सुरक्षित मानावी का?

नाही. ही सगळी तपासणी वापरकर्त्याच्या यंत्रावर चालते, त्यामुळे ज्याला ती टाळायची आहे तो टाळू शकतो. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करता येते, विकासकांसाठी असलेल्या साधनांनी मर्यादा पुसता येते किंवा अर्जाचे पान न उघडताच सर्व्हरला थेट माहिती पाठवता येते. रकान्याने वय १८ पेक्षा कमी नको म्हटले, म्हणून सर्व्हरवर आलेले वय १८ च्या पुढेच असेल असे गृहीत धरणे धोक्याचे. प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा व्हायलाच हवी. रकान्यातील तपासणी ही अर्जदाराच्या सोयीसाठी असते; व्यवस्थेचे रक्षण हे सर्व्हरचे काम आहे. ही विभागणी मान्य केली की रकाना कठोर असण्याची गरजच उरत नाही. तो शक्य तितका उदार असू शकतो.

तारखेचे उदाहरण पाहा. दोन अंक, तिरकी रेघ, दोन अंक, तिरकी रेघ, चार अंक एवढाच नमुना तपासला तर ३१ फेब्रुवारीही चालून जाते. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात आणि अशी अशक्य तारीख दिली तर ती चूक न दाखवता पुढे सरकते. ३१ फेब्रुवारी २०२५ ची गुपचूप ३ मार्च होते. तयार झालेली तारीख पुन्हा दिवस-महिन्यांत सोडवून मूळ मजकुराशी ताडून पाहिली, तरच हा घोळ दिसतो. जन्मतारखेसाठी दिनदर्शिकेतून निवड करायला लावणेही ज्येष्ठांना जाचक ठरते. १९५२ गाठेपर्यंत किती वेळा मागे जायचे? दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन साधे रकाने अशा वेळी अधिक सोयीचे असतात.

चांगला रकाना कसा असतो, आणि अर्ज अडला तर काय करावे?

चांगला रकाना आधी स्वीकारतो, मग नीट करतो आणि शेवटी तपासतो. लहान अक्षरांत लिहिलेला पॅन तो स्वतः मोठ्या अक्षरांत करतो. अर्धवट लिहिलेल्या मजकुरावर आरडाओरडा न करता लिहून होईपर्यंत थांबतो. चूक दाखवताना ‘अवैध’ एवढेच न म्हणता ‘आयएफएससीचे पाचवे चिन्ह शून्य हवे’ असे मराठीत सांगतो. चूक केवळ लाल रंगाने न दाखवता शब्दांत आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांना कळेल अशी दाखवतो. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध आहे, ईमेल पत्त्यात अधिकचिन्ह वैध आहे, नाव एक शब्दाचेही असते, याची त्याला जाण असते. यातले काहीच खर्चिक नाही. मात्र अर्ज खुला करण्यापूर्वी तो खऱ्या नावांनी, खऱ्या फोनवर, मराठी कळफलकाने भरून पाहायला हवा.

तोपर्यंत अर्जदाराने काही गोष्टी पाहाव्यात. क्रमांक नाकारला गेला तर कळफलक इंग्रजीवर नेऊन अंक पुन्हा लिहावेत. चिकटवलेल्या मजकुराच्या मागे-पुढे मोकळी जागा राहिली नाही ना, हे तपासावे. क्रमांक चिकटवल्यावर शेवटचे चार अंक रकान्यात दिसतात का, हे अवश्य पाहावे. आयएफएससीतील शून्य आणि ‘ओ’ यांची खात्री करावी. नाव अडत असेल तर घाईत आडनाव बदलून अर्ज पुढे रेटू नये. तो बदल पुढच्या प्रत्येक पडताळणीत आडवा येऊ शकतो. आधी मदत केंद्राला लेखी कळवावे. चुकीचा संदेश, तारीख आणि वेळ दिसेल असे पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. मुदत संपल्यावर ‘अर्ज वेळेत भरण्याचा प्रयत्न केला होता’ हे दाखवायला अनेकदा तेवढाच पुरावा हाती असतो.